उलट्या हाताच्या पाट्या

रावजी निवाते तेहतीस वर्षं पोफळीच्या वीजघरात होते. वीजघर डोंगराच्या पोटात. सकाळी बोगद्यातून आत शिरलं की बाहेर ऊन आहे की धुकं पडलंय, हे शिफ्ट संपेपर्यंत कळायचं नाही. कुणी विचारलं, "तात्या, आत कसं वाटायचं?" तर ते जरा वेळ विचार करतात आणि म्हणतात, "आत हवा सारखीच." याच्या पुढे त्यांनी कुणाला काही सांगितलेलं नाही. तेहतीस वर्षांचं वर्णन तीन शब्दांत उरकणारा हा माणूस यंत्राबद्दल मात्र पानंच्या पानं लिहितो.

लिहायची सवय तिथलीच. दर तासाला तापमान, दाब, आवाज. काही बदललं नसेल तर 'बदल नाही' असं लिहायचं, पण लिहायचं. रजिस्टर दाराजवळच्या खिळ्याला टांगायचं, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस कुणाला न विचारता वाचतो. यंत्राला हात लावण्याआधी त्यावर लाल फलक अडकवायचा. आणि या सगळ्यांच्या वरचा एक नियम: चालू मशीन ते चालवणाऱ्याची परमिटवर सही घेतल्याशिवाय काढायचं नाही. मग सांगणारा कितीही मोठा साहेब असो.

तीन वर्षांपूर्वी ते निवृत्त होऊन खेड तालुक्यातल्या कोंडवाडीत, आपल्या घरी आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी बायकोचा मिक्सर दुरुस्तीला घेतला आणि मिक्सरच्या गळ्यात लाल फलक अडकवला: 'काम चालू आहे. हात लावू नये.' फलक चार दिवस राहिला. सोनूबाईंनी चार दिवस पाट्यावर वाटण वाटलं आणि आल्या-गेल्याला मिक्सर दाखवला.

"बघा, फाशी दिलीय त्याला. मढं कधी उतरवणार ते विचारा."

मिक्सर झाला, पंप झाला, वाडीत ज्याला ज्याला वायर होती ते सगळं झालं. मग काही उरलं नाही. शिवाय रावजींच्या हातात गेलेली वस्तू चार दिवस मिळत नाही, हे एव्हाना घरोघरी ठाऊक झालं होतं. त्यामुळे नवीन बिघाड त्यांच्यापासून लपवून खेडच्या दुकानात जायला लागले. रावजी पडवीत बसू लागले. दर तासाला उठायचे, अंगणातल्या टाकीतलं पाणी किती आहे ते वाकून बघायचे, परत येऊन बसायचे.

"बदल नाही," सोनूबाई आतून म्हणायच्या.

घरात एक जुना लॅपटॉप होता. पोफळीच्या वसाहतीतला शेजारी, एक तरुण इंजिनिअर, बदली होऊन जाताना देऊन गेलेला. त्यावर लिनक्स होतं.

"याचा मालक कोण?" रावजींनी तेव्हा विचारलं होतं.

"कुणी एक नाही. जगभरातली माणसं मिळून लिहितात. तुम्हाला चालवायला मोकळं, उघडून बघायला मोकळं, बदलायलाही मोकळं."

"मग बिघडलं तर शिव्या कुणाला घालायच्या?"

"स्वतःला."

रावजींना हे फार पटलं होतं.

गेल्या माघी गणपतीला मुंबई मंडळाने वाडीला सोळा टॅब दिले. मुंबई मंडळ म्हणजे नालासोपारा, दिवा, भांडुपला राहणाऱ्या वाडीकरांची समिती. पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, बांधायची असो की देवळाला रंग द्यायचा असो, तिकडे ठराव झाल्याशिवाय इकडे घमेलं हलत नाही. मंडळाचा अध्यक्ष बाळा गोरिवले. पन्नाशीचा, नालासोपाऱ्यात तीन टेम्पो असलेला, मनाने दिलदार. दिलेली वस्तू दिलेली दिसली पाहिजे, एवढाच त्याचा आग्रह. वाडीच्या सभागृहातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर गोरिवल्यांच्या तीन पूर्वजांची नावं आहेत. पंखा फिरायला लागला की ती वाचता येत नाहीत, म्हणून बाळा सभागृहात असेपर्यंत सगळे घामाघूम बसतात.

टॅब एका बंद पडलेल्या शिकवणी कंपनीचे होते, घाऊक मिळालेले, अगदी हलके. प्रत्येकाच्या पाठीवर स्टिकर: 'सौजन्य: बाळा गोरिवले, अध्यक्ष.' वाडी त्यांना पाट्या म्हणू लागली. पंधरा दिवस पाट्या चालल्या. मग सोळाही पाट्यांवर एकाच सकाळी एक हसरा मुलगा आला आणि म्हणाला, 'तुमची मुदत संपली आहे.' कुठलंही बटण दाबा, तोच मुलगा. मुदत वाढवून देणारी कंपनीच उरली नव्हती.

बाळाची आई यमुनाबाई वाडीतच राहते. चौथ्या मजल्यावरून खालची माणसं मुंग्यांसारखी दिसतात, म्हणून ती नालासोपाऱ्याला टिकत नाही. तिने पाटी हातात घेऊन त्या मुलाकडे निरखून पाहिलं.

"माजी मुदत काडतोय मेला. आनि दात बघ किती."

शाळेत मुलं चार. ती आईबापांच्या फोनवर खूश होती. पाट्या सभागृहाच्या कपाटात गेल्या आणि कपाटाची किल्ली रावजींकडे आली, कारण ती आणखी कुणाला नको होती.

चौथ्या दिवशी त्यांनी एक पाटी घरी आणली आणि पाठ उघडली. आत सगळं स्वस्तातलं काम. बॅटरी चिकटपट्टीने बसवलेली, एका कोपऱ्यात तर स्क्रूसाठी भोक होतं आणि स्क्रूच नव्हता. पण चिप बरी होती, जुन्या लॅपटॉपच्या घराण्यातली. रावजींनी पाटीला लाल फलक अडकवला. सोनूबाईंनी देव्हाऱ्याकडे बघितलं.

पहिली पाटी मेली. पाटी जागी करणारा जो अगदी मुळातला प्रोग्राम असतो, तोच त्यांच्या हातून पुसला गेला. त्यांनी दोनशे पानी नवं रजिस्टर काढलं आणि पहिली नोंद केली: 'क्र. १. मृत. कारण: रावजी निवाते.'

दुसऱ्या पाटीला त्यांनी एका आखूड वायरीने कीबोर्ड जोडला, मेमरी कार्डात लिनक्स भरलं, आवाजाचं बटण आणि चालू करायचं बटण एकदम दाबून धरलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावत गेल्या. हसरा मुलगा गेला. त्याच्या जागी रिकामा निळा पडदा आला. रावजी बराच वेळ त्या निळ्याकडे बघत राहिले. त्यात कुणी काही विकत नव्हतं, कुणाची मुदत विचारत नव्हतं.

पण लिनक्स आलं तरी ते पाटीच्या अंगात नीट मुरायला महिना गेला. आधी पाटी मुकी होती. मग आवाज आला, पण वायफाय नव्हतं. मग तेही आलं. प्रत्येक दुखण्यावर कुठल्यातरी देशातल्या कुणीतरी तसल्याच फालतू टॅबशी झटापट करून उपाय लिहून ठेवलेला असायचा. रावजी तो इंग्रजी मजकूर एकेका शब्दाखाली बोट धरून वाचत. एकच दुखणं राहिलं. पाटीचं डावं-उजवं उलट झालं होतं. डावीकडे बोट टेकवलं की उजवीकडचं उघडायचं. वर-खाली बरोबर, फक्त डावं-उजवं आरशातलं.

त्यांनी 'दोष क्र. ४' अशी नोंद केली, सूचना लिहून सभागृहाच्या दाराला लावली आणि चाचणी म्हणून पंधरा पाट्या टेबलांवर मांडल्या. वेळ दुपारी तीन ते पाच. कुणी येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

पहिल्यांदा निशिगंधा आली. बचत गटाची अध्यक्ष, तिशीतली, जिच्या तोंडाला लागायला वाडीतले बाप्ये बिचकतात. तिने एक चित्र दाबलं, दुसरंच उघडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तसंच.

"तात्या, ही आमच्या घरातल्यासारखी आहे. सांगावं एक, करतो दुसरंच."

"दोष आहे. बाहेर लिहिलंय."

"असू दे. सवय आहे मला."

दुसऱ्या दिवशी ती यमुनाबाईला घेऊन आली, आणि त्यांच्या मागून आणखी तेराजणी. यमुनाबाईने अर्ध्या तासात हात बसवला.

"आरशात बघून भांग पाडतंव तसा गो. त्यात काय हाय?"

पाटीत नकाशाचा एक प्रोग्राम होता. साऱ्या जगाचा नकाशा, पण कुणीही भर घालावी असा. त्यात खेड होतं, जगबुडी नदी होती, रेल्वेची रेघ होती. कोंडवाडीच्या जागी नुसतं हिरवं होतं.

"आमी खंय गेलो? म्हंजे, कुठं गेलो?" यमुनाबाईने विचारलं. ती माहेरची राजापूरकडची. पन्नास वर्षांनीही गोंधळली की तिकडचं बोलते.

"अजून कुणी भरलं नाही. तुम्ही भरायचं," रावजी म्हणाले.

मग बायकांनी वाडी भरायला घेतली. पाखाडी आली. गुरं बसायची गोठण आली. पालखी टेकवायची सहाण आली. विहिरी पाच आल्या, पण त्यातली एक बुजलेली. ती धरायची की नाही यावर दोन दिवस भांडण झालं आणि शेवटी जिच्या सासूने तिचं पाणी भरलं होतं तिच्या शब्दावर विहीर राहिली. यमुनाबाईने पऱ्या घेतला, वरच्या कातळावरून निघून वाडीला वळसा घालत नदीला मिळणारा ओढा. बोटाने टिंब टिंब देत तो खाली आणायचा. पाणी पश्चिमेला न्यायचं तर बोट पूर्वेला टेकवायचं. रोज थोडा थोडा.

रावजी दर तासाला लिहायचे. '३.०० पंधरा चालू. ४.०० पंधरा चालू. पऱ्या फणसापर्यंत आला.' त्यांना पुन्हा शिफ्ट मिळाली होती. जेवताना ते घड्याळाकडे बघत, पावणेतीनला इस्त्रीचा शर्ट घालत. अंगणातल्या टाकीकडे आता कुणी वाकून बघत नाही, हे सोनूबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी ते कुणाला बोलून दाखवलं नाही. इस्त्री मात्र त्या न विचारता करून ठेवू लागल्या.

एप्रिलमध्ये चौथ्या दोषावर उपाय सापडला. फार लांबच्या कुठल्या गावातल्या एका माणसाने लिहिलं होतं, माझाही टॅब असाच डावखुरा निघाला, ही ओळ घालून बघा. एक ओळ. सकाळी पाटी बंद असतानाच रावजींनी यमुनाबाईच्या पाटीत ती घातली. डावं डावीकडे आलं, उजवं उजवीकडे. त्या दिवशी ते सभागृहात दोन मिनिटं आधीच पोचले.

यमुनाबाईने पाटी घेतली, चार टिंबं दिली आणि ओरडली.

"रावजी! काय केलंस हिला?"

"दुरुस्त केली."

"सांगितली हुती कुनी? बघ, पऱ्या डोंगरावर चडला माजा!"

पऱ्या खरंच कातळाकडे परत निघाला होता. बाकीच्यांनी आपापल्या पाट्या छातीशी धरल्या. आमच्याला हात लावायचा नाही, तात्या. रावजी खाली मान घालून बसले, ओळ काढली आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: 'दोष क्र. ४. उपाय सापडला. एका ओळीचा. करून पाहिला, चालतो. वापरणाऱ्यांच्या मागणीवरून परत उलट केले.' खाली सही, तारीख, वेळ.

मे महिन्यात बाळाचा फोन आला.

"तात्या, पाट्या चालायला लागल्या म्हणे?"

"लागल्या."

"वा! मानलं तुम्हाला. मग असं करतो, या रविवारी गाडी घेऊन येतो आणि घेऊन जातो. पुढच्या आठवड्यात मंडळाचा गुणगौरव आहे, दहावीच्या पोरांना वाटून टाकू. गावाला काय, पडूनच होत्या."

"पडून नाहीत."

"तुमचाही सत्कार ठेवतो, तात्या. शाल-श्रीफळ. दर्शनला सांगितलंय, बॅनरवर तुमचं नाव टाक म्हणून." दर्शन हा मंडळाचा सेक्रेटरी.

रावजींनी फोन ठेवला आणि तीन वाजता सभागृहात जाऊन, जसं झालं तसं सांगितलं. पंखा फिरत होता. यमुनाबाईचा पऱ्या सहाणेच्या खाली, नदीपासून चार शेतं अलीकडे होता.

"माजाच पोर," ती म्हणाली. "द्यायला पन फुडं, काडून न्यायला पन फुडं."

मग निशिगंधाने पाटी टेबलावर ठेवली.

"नेऊ देत की. नेऊन चालवणार कसे?"

हे सगळ्यांना एकदम समजलं नाही. समजलं तसतशा एकेक जणी हसायला लागल्या, पदर तोंडात घेऊन. रावजी हसले नाहीत.

"मी खोटं बोलणार नाही."

"बोला कोण म्हणतंय? तुम्ही गप्प राहा. ते तुम्हाला जमतं."

"विचारलं तर सांगणार."

"विचारणार नाहीत. बाप्या माणसाला यंत्र चालवता आलं नाही तर तो यंत्राला नावं ठेवतो, विचारत नाही. फक्त ते रजिस्टर तेवढं रविवारी घरी घेऊन जा."

"रजिस्टर खिळ्यावरून हलत नाही."

"एक दिवस, तात्या."

"तेहतीस वर्षांत हललं नाही."

"मग त्या पानावर चहा सांडा."

रावजींनी तिच्याकडे असं बघितलं की तिने पाटी उचलली आणि बुजलेली विहीर पुन्हा एकदा नीट करायला घेतली.

रविवारी बाळा तीनला आला. पांढरी गाडी, पांढरा शर्ट, खिशात फोन. पंखा बंद करण्यात आला. त्याने आईच्या पायाला हात लावला, पात्यांवरची नावं बघून घेतली आणि टेबलावरची पहिली पाटी उचलली. पाठीवरचं स्टिकर जाग्यावर होतं. समाधान वाटून त्याने ती सुलट केली.

"बघू या, काय जादू केलीत."

त्याने डावीकडचं चित्र दाबलं. उजवीकडचा हिशेबाचा फळा उघडला. बाळाने बोट शर्टाला पुसलं. पुन्हा दाबलं. फळा मिटला आणि नकाशा उघडला. नकाशा मिटवायला गेला तर तो मोठा झाला.

"भावजी, काय झालं?" निशिगंधाने विचारलं. शेजारीच बसून ती गोठणीच्या कडेला आंब्याची झाडं लावत होती. टिक, टिक, टिक.

"काय नाय. ही जरा अडकते वाटतं."

"दुसरी घ्या."

दुसरी घेतली. तिसरी घेतली. तिसऱ्या पाटीवर त्याने स्वतःचं नाव लिहायचा प्रयत्न केला, आणि जे उमटलं ते वाचून त्याने पाटी पालथी ठेवली. भोवती बाकीच्यांची बोटं शांतपणे चालली होती. घामाचा एक थेंब बाळाच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता.

"तुम्हाला कसं काय जमतं गो?"

"आमचं काय, भावजी. गावठी हात."

बाळा रावजींकडे वळला. रावजी दाराजवळ उभे होते, हात मागे बांधून, शिफ्टला उभं राहावं तसे.

"तात्या, खरं सांगायचं तर भंगार आहे हे. पोरांना वाटलं तर माझीच लाज जायची. राहू देत इकडेच." त्याने हुश्श केलं. "भेटीचा शेरा लिहितो आणि निघतो. वही कुठाय?"

सभागृहात कुणी आलं की शेरा लिहायचा, हा बाळानेच घातलेला पायंडा. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि खिळ्यावरचं रजिस्टर काढलं. निशिगंधाने डोळे मिटून घेतले.

बाळाने कोरं पान शोधता शोधता मागची पानं उलटली. एका पानावर थांबला. ओठ हलवत वाचलं. मग मोठ्याने वाचलं.

"'उपाय सापडला. एका ओळीचा. वापरणाऱ्यांच्या मागणीवरून परत उलट केले.'" त्याने वर बघितलं. "तात्या, हे काय?"

"नोंद आहे."

"म्हणजे नीट करता येतात या?"

"येतात."

"किती वेळ लागेल?"

"एका पाटीला पाच मिनिटं."

निशिगंधा कपाळावर हात मारून म्हणाली, "हरिश्चंद्राच्या घरचे."

बाळा आता अध्यक्ष झाला. त्याने पेन काढलं आणि रजिस्टरमध्ये ठळक अक्षरांत लिहिलं: 'सर्व पाट्या आजच्या आज सुलट करून मंडळाच्या ताब्यात द्याव्यात.' सही ठोकली, खाली हुद्दा. रावजींनी आदेश वाचला, मान हलवली आणि कपाटातून कागदाचा एक गठ्ठा आणला. हाताने रेघा मारलेले छोटे तक्ते.

"हे काय आता?"

"परमिट. आदेश मिळाला, काम करायला मी तयार आहे. पण मशीन चालू आहेत. चालू मशीन चालवणाऱ्याच्या सहीशिवाय काढता येत नाही. पंधरा सह्या लागतील."

"अहो, हे काय वीजघर आहे?"

"नियम मशीनचा आहे. घराचा नाही."

यात डाव नव्हता. रावजींना तो मांडता आला नसता, त्यांनी तर मिक्सरच्या वेळीही सोनूबाईंची सही मागितली होती. पण निशिगंधाचे डोळे उघडले. तिने परमिट हातात घेतलं, पुढून वाचलं, मागून वाचलं.

"यात काम कशासाठी ते लिहिलेलं नाही. मी गटाला विचारून सही करीन. गटाची मीटिंग पुढच्या महिन्यात."

दुसरीने सांगितलं, घरच्यांना विचारते. तिसरीचा हात दुखत होता. चौथी म्हणाली की यमुनावैनीने केली तर मी करीन. आणि मग सगळ्याच तसं म्हणाल्या. बाळा परमिट घेऊन आईसमोर जाऊन उभा राहिला.

"आये, सही कर."

"चष्मा नाय आनलेला."

"डोळ्यावर हाय तुझ्या."

"तो लांबचा." तिने बोट उचललं नाही. "आनि मदीच कशी सोडू? पऱ्या आलाय अजून चार शेतांवर. हितंच ठेवला तर पानी जाईल कुठं? घराघरांत शिरंल."

"आये, तो नकाशा आहे."

"तुजी चौती शाळा त्याच पऱ्यात बुडाली. दप्तर धुतलास, पुस्तकं धुतलास. आता नकाशा हाय म्हनतो." ती सरकली आणि बाकावर जागा केली. "बस हितं. संपव माज्याबरोबर, मंग दितंय सही."

बाळाने घड्याळ बघितलं. पंधरा मिनिटांचं काम, असं तो म्हणाला आणि बसला. पहिलं टिंब त्याने दिलं ते शेजारच्या एका गोठ्यात पडलं.

"म्हशीला पाजतोस काय? पुस ती."

दुसरं टिंब देवळाच्या छपरावर गेलं. तिसऱ्याला त्याने आईचा हात बघून बोट उलटं टेकवलं आणि टिंब पाण्यात पडलं. मग त्याला एक गोष्ट दिसली.

"हे चुकलंय. पऱ्या इथे वळत नाही. करंजाच्या खाली वळतो."

"करंज तोडून वीस वर्षां झाली."

"झाड तोडलं म्हणून पाणी सरळ होतं काय? तिथे कोंड होती. आम्ही उड्या मारायचो."

"आनि मी काठी घेऊन उभी ऱ्हायची."

वादात निशिगंधा पडली, मग सगळ्याचजणी. करंज कुठे होता हे ठरवायला तीन बायका आणि बाळा प्रत्यक्ष शेतात जाऊन आले. बाळाच्या पांढऱ्या बुटांना लाल माती लागली. परत आल्यावर त्याने पाटी आईच्या हातातून घेतली आणि स्वतःच बसला. कोंड घातली. कोंडीखालचा दगड घातला. पाणी पश्चिमेला, बोट पूर्वेला. चारचे पाच झाले. घामाने शर्ट पाठीला चिकटला तेव्हा कुणीतरी पंखा लावला आणि पात्यांवरचे तिन्ही पूर्वज गरगरायला लागले. बाळाने वर बघितलंही नाही. साडेपाचला पऱ्या नदीला मिळाला. यमुनाबाईने हात जोडून पाटीला नमस्कार केला.

बाळा उठला, पाठ ताणली, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण कशासाठी आलो होतो. तो सभागृहाच्या पायरीवर गेला. परमिटचे पंधरा कागद टेबलावर तसेच कोरे होते. रावजी दाराशी उभे होते आणि पहिल्यांदाच त्यांचे हात मागे बांधलेले नव्हते. ते हातांचं काय करावं हे त्यांना कळत नसल्यासारखे लोंबत होते.

"तात्या..." बाळाने सुरुवात केली.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. दर्शन, सेक्रेटरी. बाळाने नाव बघितलं. आत्ता याच्याशी बोलायचं नाही, आधी ठरवू, मग बोलू, हे त्याच्या चेहऱ्यावर सगळ्यांनी वाचलं. फोनवर दोन गोल होते. डावीकडे लाल, फोन तोडायला. उजवीकडे हिरवा, उचलायला. बाळाला लाल हवा होता. दोन तास पाण्याला डावीकडे नेणारं त्याचं बोट न चुकता उजवीकडे गेलं.

टेम्पोच्या आवाजामुळे बाळाचा फोन कायम स्पीकरवर असतो.

"दादा! निघालात काय? पाट्या घेतल्या ना?" दर्शनचा आवाज साऱ्या सभागृहाला ऐकू गेला. "बॅनर छापून आला बघा. वाट बघतोय सगळे."

बाळाने मागे बघितलं. पंधरा पाट्या, चौदाजणी आणि त्यांच्या मधोमध त्याची आई. कुणाचंही बोट हलत नव्हतं.

"दादा? ऐकू येतंय ना?"

"येतंय." बाळाने घसा साफ केला. "घेतल्या नाय."

"का? चालत नाहीत?"

"चालतात. म्हणून तर." रावजींकडे न बघता, भिंतीकडे तोंड करून तो बोलला. "चालू मशीन काढता येत नाही, दर्शन. नियम आहे तसा."

"कुणाचा नियम?"

"मशीनचा."

"मग बॅनरचं काय करू?"

"गुंडाळून ठेव."

या वेळी फोन तोडताना त्याने बोट हवेत धरलं, विचार केला आणि मग टेकवलं. आत कुणीतरी हसलं, मग हसू आवरेना झालं. रावजींनी परमिटचे कागद गोळा करायला हात पुढे केला, तर यमुनाबाईने त्यातला वरचा ओढून घेतला आणि पेन मागितलं.

"आन हिकडं," ती म्हणाली. "पऱ्या झाला, आता दितंय सही. कुठं करायची ती दाकव."